शाळेच्या आवारातला उंबर

प्रश्न : मी शहरातल्या शाळेत चौथीला शिकवते. जवळ जंगल नाही, सहलीला पैसे नाहीत. आवारात उंबराचं एकच झाड आहे. मुलांना निसर्ग दाखवायचा कसा? शिवाय मुलं बाहेर नेली की अभ्यास बुडतो, अशी पालकांची तक्रार असते.
— एक शिक्षिका, पिंपरी

उत्तर : ताई, दारात उंबर आहे, मग काळजी कसली! निसर्ग म्हणजे जंगल, हा समज आधी मनातून काढा. एक कच्चं उंबर मुलांसमोर मधोमध कापा. ‘उंबराचं फूल’ कधी दिसत नाही म्हणतात; ती फुलं फळाच्या आतच असतात, दाटीवाटीने. आणि उंबरातले ते इवले किडे, ज्यांना आपण नाकं मुरडतो, तेच परागीभवन करतात. फळं पिकली की तांबट, बुलबुल येतात, रात्री वटवाघळं. कोण कधी आलं, ते मुलांनाच वहीत लिहू द्या. आठवड्याला एक तास पुरे, पण वर्षभर तेच झाड. नावं सांगायची घाई नको. आधी त्यांना प्रश्न पडू देत.

पालकांना सांगा, ‘परिसर अभ्यास’ हा चौथीचा विषयच आहे.

केसाळ सुरवंटाला हात लावू देऊ नका, अनोळखी फळ तोंडात घालू देऊ नका, वर्गात परतल्यावर साबणाने हात धुवायला लावा. आभाळ गडगडू लागलं तर झाडाखाली क्षणभरही न थांबता सगळ्यांना आत घ्या. मधमाशी चावल्यावर कुणाला त्रास होतो का, हे पालकांना आधीच विचारून ठेवा.