ओढ्यावरचे पान

पावसाळ्याच्या आरंभी सह्याद्रीतील ओढे वाहू लागले, की रात्री काठावरच्या पानांतून बेडकांचे बारीक आवाज ऐकू येतात. महाबळेश्वर, कोयना अशा परिसरात त्या आवाजांत हुमायूनच्या निशाचर बेडकाचाही आवाज असतो. हा बेडूक केवळ सह्याद्रीच्या उत्तर भागातच आढळतो. १९५५ साली भादुरी आणि कृपलानी या प्राणिशास्त्रज्ञांनी या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांचे नाव तिला दिले. बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीला विरोध करणाऱ्यांत पुढे हेच अब्दुलअली अग्रभागी होते. शेतातील बेडूक पिकांवरचे कीटक खातात, हे ते आग्रहाने मांडत असत. १९८७ साली भारताने ही निर्यात बंद केली.

हा बेडूक जेमतेम ४ ते ५ सेंटीमीटर लांबीचा असतो. त्याची तपकिरी, सुरकुतलेली त्वचा ओल्या दगडाशी अशी मिसळून जाते, की शेजारी बसलेला प्राणीही सहसा दिसत नाही. तो खऱ्या अर्थाने झाडावरचा बेडूक नव्हे. परंतु अंडी घालण्याची वेळ आली, की तो पानांचाच आश्रय घेतो.

पुष्कळ जातींत मीलनाच्या वेळी नर मादीला पुढच्या पायांनी घट्ट धरतो. येथे मात्र वेगळेच घडते. नर मादीच्या पाठीवर बसतो, पण तिला न धरता हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो. तिच्या पाठीवर शुक्रजल सोडून तो बाजूला होतो. त्यानंतर मादी अंडी घालते आणि पाठीवरून ओघळणाऱ्या शुक्रजलाने ती फलित होतात. कोयनेजवळच्या हुंबरळी परिसरात अनेक रात्री जागून केलेल्या निरीक्षणांतून ही रीत उमगली आणि २०१६ साली ती जगासमोर आली. या जातीची मादीदेखील आवाज काढते, हेही त्याच अभ्यासात नोंदवले गेले. बहुतेक बेडकांत साद घालतो तो नरच, हे येथे लक्षात घ्यावे.

अंडी चिकट पदार्थात गुंडाळलेली असतात आणि वाहत्या पाण्याच्या अगदी वर लोंबणाऱ्या पानावर ती वाढतात. त्यांतून बाहेर पडणारी पिले थेट खालच्या ओढ्यात पडतात व तेथेच मोठी होतात. म्हणून केवळ पाणी असून भागत नाही. काठावरची झुडपे 'साफसफाई'च्या नावाखाली तोडली, तर अंड्यांना आधार उरत नाही. झुडपे राखली आणि ओढ्याचे पाणी दुसरीकडे वळवले, तर पानावरून सुटलेली पिले कोरड्या दगडावर पडतात.