घरच्या कॉम्प्युटरवरचे पॉप-अप : पैसे कधी मोजावेत आणि किती

स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन वर सरकतो. लाल ढाल, मोठं उद्गारचिन्ह आणि खाली मजकूर : ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले आहेत, संरक्षणाची मुदत आज संपते आहे.’ तो बंद केला की मिनिटाभरात दुसरा येतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, व्हायरस घुसलाय, माणूस बोलवा. माणूस येतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतो, आणि हजार-दीड हजार रुपये हातचे जातात. दोन महिन्यांनी तोच चौकोन पुन्हा येतो, कारण मूळ दुखणं हार्ड डिस्कमध्ये नव्हतंच. असले बहुतेक पॉप-अप घालवायला एक रुपयाही लागत नाही. पैसे लागतात ते पुढच्या काही मोजक्या प्रसंगांत, आणि त्यांचे दर आधी माहीत असलेले बरे.

आधी त्या चौकोनाकडे नीट बघा. नजर लाल ढालीकडे जाते, पण कामाची माहिती बारीक अक्षरांत असते. वरच्या कडेला ‘गुगल क्रोम’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट एज’ असं लिहिलेलं असतं आणि मजकुराजवळ एखाद्या अनोळखी वेबसाइटचा पत्ता असतो. खरा अँटिव्हायरस क्रोमच्या नावाने निरोप पाठवत नाही. म्हणजे हा चौकोन कॉम्प्युटर तपासून आलेला नाही. एका वेबसाइटने ब्राउझरच्या हाती दिलेली ती जाहिरात आहे, आणि ती देण्याची परवानगी तिला याच कॉम्प्युटरवरून कुणीतरी कधीतरी ‘अलाउ’ दाबून दिलेली आहे.

असं का झालं, तेही समजून घेण्यासारखं आहे. जुने पॉप-अप म्हणजे पानाबरोबर उघडणाऱ्या वेगळ्या खिडक्या. त्यांचा पहिला कोड लिहिणारे ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्या खिडक्यांचा बंदोबस्त ब्राउझरनी २००४ च्या सुमारासच सुरू केला होता आणि आज त्या बहुतेक आपोआप अडवल्या जातात. पण २०१५ मध्ये क्रोममध्ये वेबसाइटना सूचना पाठवायची सोय आली. बातमी, नवा ईमेल, सामन्याचा स्कोअर कळावा म्हणून केलेली सोय, आणि जाहिरातवाल्यांना तीच पुढची वाट सापडली.

‘अलाउ’ आपल्याकडून दाबून घेतलं जातं ते घाईच्या वेळी. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी मंडळाची साइट संथ होते, मुलं सर्चमध्ये दिसेल त्या पानावर जातात, आणि तिथे लिहिलेलं असतं, ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा.’ सातबारा शोधतानाही हेच होतं. डिजिटल सहीचा सातबारा शासनाच्या महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो, पण शोधणारा भलत्याच पानावर पोचतो. तिसरी जागा मराठी टायपिंगची. जुन्या फाइलींसाठी फुकट फॉन्ट हवा असतो, आणि त्या पानांवर ‘डाउनलोड’ लिहिलेली चार-पाच हिरवी बटणं असतात. त्यांतलं एखादं फॉन्टचं, बाकीची जाहिरातींची. मराठी टायपिंगसाठी या पानांवर जायची आता गरज उरलेली नाही. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, आणि मुक्तासारखे चांगले युनिकोड फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. जिथे शासकीय काम असेल तिथे पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ आहे ना, एवढं बघावं.

आता उपाय. क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांवरून सेटिंग्जमध्ये जा. तिथे ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’. खाली परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. आपली बँक किंवा ईमेल सोडून अर्थहीन इंग्रजी अक्षरांचे जे पत्ते असतील, त्यांच्यापुढचे तीन ठिपके दाबून ‘ब्लॉक’ करा. त्याच पानावर ‘साइटना परवानगी मागू देऊ नका’ अशा अर्थाचा पर्याय आहे, तोही निवडा. माझ्या मते ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर हा पर्याय कायम लावून ठेवावा, त्यांचं काही अडत नाही. एज आणि फायरफॉक्समध्येही नोटिफिकेशन्सची अशीच यादी असते. दहा मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य.

एवढं करूनही जाहिराती येत राहिल्या, किंवा सर्चचं पान बदललं, ब्राउझर उघडताच नको ते पान समोर आलं, तर संशय एक्स्टेन्शनवर, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरवर घ्यावा. पीडीएफ बदलून देणारं, कूपन शोधणारं, व्हिडिओ उतरवून देणारं काहीतरी कधी जोडलं गेलेलं असतं. तीन ठिपक्यांतून ‘एक्स्टेन्शन्स’ची यादी उघडा आणि जे आपण स्वतः घेतल्याचं आठवत नाही ते काढून टाका. नंतर विंडोजच्या सेटिंग्जमधली ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ची यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या आठवड्यात काय आलं, ते लगेच दिसतं. सगळं करून थकलात तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘रिसेट’ आहे. त्याने बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत, एक्स्टेन्शन मात्र बंद होतात.

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासून असतो. त्यातली एक सेटिंग चालू आहे ना, ते तपासून घ्या : ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’, त्यात ‘रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन’ आणि त्यातलं ‘पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग’. जाहिराती घुसवणारी सॉफ्टवेअर नेमकी याच सदरात मोडतात. जोडीला मालवेअरबाइट्स कंपनीचं अ‍ॅडक्लीनर हे छोटं साधन आहे, फुकट आहे आणि याच कामासाठी बनवलेलं आहे. ते कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानेही सफाईची फुकट साधनं ठेवली आहेत. पानांवरच्या जाहिराती अडवायला फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन आणि क्रोमवर त्याची ‘लाइट’ आवृत्ती पुरेशी आहे, दोन्ही फुकट. त्यांच्यासारखी नावं घेतलेली नकली एक्स्टेन्शनही फिरतात, म्हणून नाव अक्षर न् अक्षर तपासा. एक विनंती : ज्या मराठी वृत्तपत्राची साइट रोज वाचता, तिथे हा अडसर काढून ठेवा. त्या जाहिरातींवर वार्ताहरांचे पगार होतात.

नव्या लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी. त्यावर महिना-दोन महिन्यांचा ट्रायल अँटिव्हायरस आलेला असतो आणि मुदत संपत आली की तो रोज ‘रिन्यू करा’ म्हणून मागे लागतो. ते पैसे भरलेच पाहिजेत असं नाही. अ‍ॅप्सच्या यादीतून तो अनइन्स्टॉल केला की डिफेंडर आपोआप काम हाती घेतो. सतत टोचत राहणं आणि व्हायरसची खोटी भीती घालून पैसे काढणं, हे दोन्ही प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गैर ठरवलेल्या १३ क्लृप्त्यांत आहेत. कुणी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

आता जिथे खरोखर पैसे मोजावे लागतात तिकडे वळू. वर सांगितलेलं करण्याची उमेद नसेल, नजर साथ देत नसेल किंवा कॉम्प्युटर इतका संथ झाला असेल की सेटिंग्जच उघडत नाहीत, तर माणूस बोलवणं रास्त आहे. घरी येण्याचे साधारण २०० ते ५०० रुपये पडतात. जाहिराती आणि नको ती सॉफ्टवेअर काढून ब्राउझर साफ करण्याचे भेटीसह ३०० ते ७०० म्हणजे वाजवी. विंडोज नव्याने टाकायचं तर ५०० ते १०००, आणि डेटा बाजूला काढून ठेवण्याचे वेगळे ३०० ते ५००. तालुक्याच्या गावी हे दर खालच्या टोकाला असतात, मुंबई-पुण्यात वरच्या. ॲपवरून बोलावलेल्या माणसाच्या बाबतीत नुसत्या तपासणीचे पैसे लागतात का, हे बुकिंगच्या वेळीच बघा. बिलात १८ टक्के जीएसटी लावला असेल तर ५०० चे ५९० होतात. मात्र तो कर घ्यायचा अधिकार नोंदणी असलेल्या दुकानालाच आहे. बिलावर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक नसेल तर वरचे ९० रुपये देऊ नका.

काम सुरू होण्याआधी माणसाला एवढंच विचारा : ‘नोटिफिकेशन आणि एक्स्टेन्शन बघितलीत का?’ ती न बघता जो थेट फॉरमॅटवर येतो, त्याला चहा देऊन परत पाठवावं. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, आणि त्याची खरी किंमत बिलात दिसत नाही. बहुतेक घरांत डी ड्राइव्ह जपला जातो, पण डेस्कटॉपवर ठेवलेले फोटो, ‘डॉक्युमेंट्स’मधली पत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड, डीटीपीचे फॉन्ट हे सगळं सी ड्राइव्हवर असतं आणि तोच पुसला जातो. लॅपटॉपबरोबर ऑफिस आलं असेल तर ते एखाद्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असतं. त्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड हाताशी नसेल तर विकत घेतलेलं ऑफिस परत मिळवताना नाकी नऊ येतात.

आणखी एक धोका आहे. ओरिजिनल विंडोज असलेल्या मशीनवर काही ठिकाणी क्रॅक केलेली प्रत टाकली जाते. विंडोज ११ होमची परवान्याची किंमत दहा हजारांच्या घरात आहे, म्हणजे तुमच्याकडे आधीच असलेली एवढी मोलाची वस्तू काढून त्या जागी चोरीची वस्तू बसते. क्रॅक चालवण्यासाठी अनेकदा डिफेंडर बंद केला जातो, आणि जाहिरातींचा उपद्रव बऱ्याचदा तिथूनच नव्याने सुरू होतो. ओरिजिनल विंडोज असेल तर फॉरमॅटसाठी सीडी, पेन ड्राइव्ह काहीच लागत नाही. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ आणि ‘रिसेट धिस पीसी’. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर आपल्या फाइली राहतात, बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर जातात. पुढे ‘क्लाउड डाउनलोड’ की ‘लोकल रिइन्स्टॉल’ असं विचारलं जातं. क्लाउडला ४ जीबीहून जास्त डेटा लागू शकतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजच्या दीड-दोन जीबीत चालवत असाल तर लोकल निवडा.

विकतचा अँटिव्हायरस घ्यावा का? एका कॉम्प्युटरला वर्षाला साधारण ५०० ते १५०० रुपये पडतात आणि पुण्याच्या क्विक हीलसह अनेक भारतीय पर्याय आहेत. मुलांसाठीचं नियंत्रण, हरवलेल्या फाइलींची सोय, मराठीत किंवा हिंदीत बोलणारा मदतनीस हवा असेल तर जरूर घ्या. पण निव्वळ कोपऱ्यातला चौकोन घालवण्यासाठी घेत असाल तर पैसे वाया गेले असं समजा. जी परवानगी तुम्ही स्वतः दिली आहे, ती कोणताही अँटिव्हायरस खात्रीने काढून घेईलच असं नाही. हे पैसे शिल्लक असतील तर चांगल्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घालून घरातल्या फोटोंची एक प्रत करून ठेवा. विंडोज १० वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मशीनवर विंडोज ११ चालत असेल तर त्यावर जाणं हा अँटिव्हायरसपेक्षा महत्त्वाचा निर्णय आहे.

सगळ्यांत महागडा पॉप-अप मात्र वेगळाच असतो. तो पूर्ण स्क्रीन व्यापतो, कर्कश आवाज करतो, ‘कॉम्प्युटर लॉक झाला आहे’ म्हणतो आणि खाली एक फोन नंबर देतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की फसवणूक समजायची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझरवर ‘एंड टास्क’ करा. नाहीच जमलं तर पॉवरचं बटण दाबून धरा. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर ‘रिस्टोअर’ला नाही म्हणा.

ज्यांनी फोन केला, त्यांच्या बाबतीत काय होतं? समोरचा माणूस आधी दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं एनीडेस्क किंवा तसंच एखादं अ‍ॅप टाकायला लावतो. याच अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. मग तो ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची खिडकी उघडून लाल खुणांची लांबलचक यादी दाखवतो आणि म्हणतो, हे बघा, एवढे व्हायरस. त्या लाल खुणा प्रत्येक धडधाकट कॉम्प्युटरवर असतात, आजच नव्या आणलेल्या मशीनवरसुद्धा. तिथून पाच वर्षांच्या ‘पॅकेज’चे काही हजार मागितले जातात, आणि पैसे भरताना स्क्रीन त्याच्यासमोर उघडी असते.

असं घडलं असेल तर इंटरनेट बंद करा आणि त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, तर फोनवरून बँकेला कळवा. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता येतात ते पहिल्या काही तासांत. मुलं रागावतील, लोक हसतील म्हणून अनेक ज्येष्ठ दोन-दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात. तेव्हा आई-वडिलांना आजच सांगून ठेवा, की असं काही झालं तर आधी १९३० लावा. तक्रारीला शुल्क नाही.