गीतांतून इंग्रजी शिकताना



गेल्या नाताळाच्या कार्यक्रमात आमच्या एका विद्यार्थ्याने 'सायलेंट नाइट' हे गीत म्हटले. स्वर शुद्ध, शब्द तोंडपाठ, कोठे अडखळणे नाही. कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही त्याला सहज विचारले, "ह्या गीतात 'राउंड' शब्द आला आहे, त्याचा अर्थ काय रे?" तो म्हणाला, "वाटोळी, सर." "कोण वाटोळी?" ह्यावर तो घोटाळला आणि मग हळूच म्हणाला, "मरिया." जवळ उभी असलेली मुले खो खो हसली व त्या बिचाऱ्याचे तोंड उतरले. परंतु हसणाऱ्यांपैकी एकालाही खरा अर्थ सांगता आला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

'राउंड' हे तेथे विशेषण नसून शब्दयोगी अव्यय आहे. त्याचा अर्थ 'सभोवती'. त्यापुढील 'यॉन' म्हणजे 'ती पलीकडे दिसते ती'. मूळ गीत जर्मन भाषेतले. जोझेफ मोर ह्यांचे शब्द व फ्रान्झ ग्रूबर ह्यांची चाल असे ते 1818 साली ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी प्रथम गाइले गेले, आणि जॉन फ्रीमन यंग ह्यांचे इंग्रजी भाषांतर 1859 साली प्रसिद्ध झाले. 'यॉन' हा शब्द आज बोलण्यात राहिला नाही, म्हणून मुलाचा कान त्यावरून घसरला व ओळखीच्या 'राउंड'वर जाऊन बसला.

अशी फसगत केवळ नांदगाव पेठच्या मुलांचीच होते असे नाही. सिल्व्हिया राइट नामक अमेरिकन लेखिकेने 1954 साली 'हार्पर्स' मासिकात लिहिले आहे की, लहानपणी आई एक स्कॉटिश पोवाडा वाचून दाखवी, त्यातील वीराला हिरवळीवर निजविल्याचे शब्द तिने 'लेडी मॉन्डेग्रीन' असे ऐकले, आणि वीराबरोबर कोणी बाईही मारली गेली असे ती समजत राहिली. तेव्हापासून अशा चुकीच्या ऐकण्याला इंग्रजीत 'मॉन्डेग्रीन' हेच नाव पडले. जिची मातृभाषाच इंग्रजी तिची ही गत, मग आपण लाजावे कशाला?

गीताने शब्द कानात बसतो व जन्मभर जात नाही, हा त्याचा मोठाच गुण. पण अर्थाशिवाय बसलेला शब्द तसाच, अर्थाशिवाय, राहतो. ह्यावर उपाय आपल्या घरचाच आहे. मोरोपंतांची आर्या शिकविताना पंतोजी आधी काय करीत? अन्वय लावीत. कर्ता कोणता, क्रियापद कोणते, विशेषण कोणाचे, हे ठरवून पद्याचे गद्य करीत, आणि मग अर्थ सांगत. इंग्रजी गीतालाही हाच अन्वय लावावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

'लीड, काइंडली लाइट' हे नावच घ्या. हे गीत जॉन हेन्री न्यूमन ह्यांनी 1833 साली, इटलीहून परतताना वारा पडल्यामुळे जहाज समुद्रात खोळंबले असता लिहिले. महात्मा गांधींना ते फार प्रिय होते. वर्गात 'काइंडली'चा अर्थ विचारला की सर्व मुले एकमुखाने सांगतात, "कृपया." रजेच्या अर्जातला तो शब्द त्यांच्या हाडीमासी खिळलेला! परंतु अन्वय लावा. 'लीड' हे आज्ञार्थी क्रियापद, 'लाइट' हे संबोधन, आणि मधला 'काइंडली' हे 'लाइट'चे विशेषण: दयाळू प्रकाशा, मला ने. गुजराती कवी नरसिंहराव दिवेटिया ह्यांनी ह्या गीताचे भाषांतर करताना ज्योतीला 'प्रेमळ' असे विशेषण लाविले, ते ह्याचमुळे. शेवटी 'ली' आला की क्रियाविशेषणच, असा जो नियम तुम्ही घोकला आहे, तो येथे लंगडा पडतो. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'मदरली' ही सारी विशेषणेच आहेत. एका नावाने एवढे शिकविले; व्याकरणाच्या पुस्तकातील यादी इतकी लक्षात राहिली असती काय?

दुसरे उदाहरण उपासनेतलेच. सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर ह्या बाईंचे, 1848 साली मुलांसाठी लिहिलेले, हिरव्या टेकडीचे गीत पुष्कळांना ठाऊक असेल. त्यात नगराच्या तटाविषयी 'विदाउट' हा शब्द आहे. आम्ही स्वतः लहानपणी कित्येक वर्षे 'तट नसलेली टेकडी' असा अर्थ घेऊन ते गात होतो, आणि टेकडीला तट असतोच कशाला, हा प्रश्न आमच्या मनात असूनही गुरुजींना विचारण्याचा धीर झाला नाही. जुन्या इंग्रजीत 'विदिन' म्हणजे आत, तसे 'विदाउट' म्हणजे बाहेर. टेकडी तटाबाहेर होती. प्रभूला नगराबाहेर नेले होते. एका शब्दाच्या अर्थाविना त्या गीतातले मुख्य दुःखच आमच्यापासून दूर राहिले होते.

आता अगदी बालवाडीत या. 'ट्विंकल ट्विंकल' न येणारे मूल आज मिळणे कठीण. जेन टेलर ह्यांची ही कविता 1806 सालची. चाल मात्र जुन्या फ्रेंच गीताची, आणि मुळाक्षरांचे इंग्रजी गीतही त्याच चालीवर म्हणतात. ह्या कवितेतील 'वंडर' शब्दाचा अर्थ मुले 'आश्चर्य वाटणे' असा करतात. पण 'आय वंडर' ह्यापुढे 'कोण', 'काय', 'कोठे' असा प्रश्नशब्द आला की अर्थ होतो 'कोण जाणे', 'कळले तर बरे'. आणि प्रश्नशब्दानंतर कर्ता आधी, क्रियापद मागाहून, हेही ध्यानात घ्या. दहावीतले विद्यार्थी सर्रास लिहितात, 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही.' हे चूक. 'व्हेअर ही इज' हे बरोबर. गंमत ही की, तीन वर्षांचे असताना हीच मुले तो क्रम बिनचूक गात होती!

उच्चाराविषयी थोडे. मराठी बोलताना आपण बहुधा प्रत्येक अक्षराला सारखेच वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर, बाकीची दबलेली. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, तर 'फोटोग्राफी'मध्ये तो 'टॉ'वर सरकतो. गीतात ठेका बहुधा जोराच्याच अक्षरावर पडतो, म्हणून टाळी देत गाणे हा उत्तम अभ्यास. मात्र चालीसाठी कवी शब्द आखडतात व ताणतातही. 'हेवन'ची दोन अक्षरे स्तोत्रात पुष्कळदा एकात उरकतात. तेव्हा गाऊन झाल्यावर तोच शब्द कोशातील उच्चाराशी ताडून पाहावा.

हल्ली भ्रमणध्वनीवर मुले जी इंग्रजी गाणी ऐकतात, त्यांना आमची सरसकट हरकत नाही. त्यांतील 'गॉना', 'वॉना' ऐकून समजावे. 'गोइंग टु', 'वाँट टु' असे लिहावे. स्तोत्रातले 'दाउ' व 'दी' जसे मुख्याध्यापकांच्या पत्रात शोभत नाहीत, तसेच हेही उत्तरपत्रिकेत शोभत नाहीत. महिन्याला एकच गीत घ्यावे. पण त्यातील प्रत्येक ओळीचा वहीत अन्वय लावावा, आणि ज्या वाक्प्रचाराचा अर्थ कळला त्यावर स्वतःच्या गावचे, स्वतःच्या घरचे एक वाक्य करावे. वीस गाणी पाठ असून दोन वाक्ये न बोलता येणारा विद्यार्थी आम्ही दर वर्षी पाहतो. पुढे अमरावतीच्या महाविद्यालयात किंवा येथल्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला बसल्यावर तोच मान खाली घालून परततो.

तो नाताळातला विद्यार्थी त्या दिवसापासून वही ठेवू लागला. जानेवारीत एका सकाळी नागपूर रस्त्यावरील थांब्यावर आम्ही अमरावतीच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. गाडीचा पत्ता नव्हता. मागून आवाज आला, "सर, आय वंडर व्हाय द बस इज लेट." वळून पाहिले तर तोच, मफलर गुंडाळलेला. क्रम बरोबर होता. "अँड आय वंडर," आम्ही म्हणालो, "व्हेदर इट विल कम." तो हसला, आणि तेथेच वही काढून 'व्हेदर' कसे लिहावयाचे ते विचारू लागला.