पिकअपचे भाडे आणि शेतीचे उत्पन्न

प्रश्न : ओतूरला आमची शेती आहे. यंदा पिकअप घेतली. लोकांचे टोमॅटो नारायणगावच्या बाजारात पोचवतो. हिशेब आणि कराचे कसे करू?

उत्तर : आधी गाडीसाठी बँकेत वेगळे खाते उघडा. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, भाड्याचे नाही. दोन्ही मिसळले की निस्तरणे अवघड. अनुमानित उत्पन्नाच्या सोयीत छोट्या मालवाहू गाडीमागे दरमहा ७,५०० रुपये नफा धरतात. प्रत्यक्षात जास्त मिळाला तर तो दाखवायचा. मग डिझेल, टायर, कर्जाचे व्याज वेगळे वजा होत नाही. तरी वहीत रोजची फेरी, भाडे, उधारी लिहाच. भाव पडला की भाडे थकते आणि तोंडी हिशेबावरून गावातली नाती बिघडतात. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांवर असेल तर ‘सुगम’ विवरणपत्र चालत नाही, हे करसल्लागाराला आधीच सांगा.