कंटेनर बदलला, जोडपत्रे हरवली

प्रश्न : आमची संस्था डॉकरवर रेडमाइन चालवते. नवी आवृत्ती घेताना जुना कंटेनर काढून नवा उभारला. कामांच्या नोंदी शाबूत आहेत, पण जोडलेल्या फाइली उघडत नाहीत. त्या गेल्या काय?

उत्तर : बहुधा गेलेल्या नाहीत. रेडमाइनचे दप्तर दोन ठिकाणी असते : कामे, मुदती व शेरे डेटाबेसमध्ये, आणि जोडपत्रे ‘फाइल्स’ या स्वतंत्र फोल्डरात, डेटाबेसात त्यांची नोंद तेवढी असते. या फोल्डराला आपण नामांकित व्हॉल्यूम नेमून दिला नसेल, तर अधिकृत इमेज निनावी व्हॉल्यूम निर्माण करते, आणि जुना कंटेनर काढल्यावर तो व्हॉल्यूम, मुद्दाम पुसला नसल्यास, यजमान संगणकावर बेवारस स्थितीत शिल्लक राहतो. म्हणून ‘डॉकर व्हॉल्यूम प्रून’ ही आज्ञा तूर्त कटाक्षाने टाळावी, कारण ती नेमके असेच व्हॉल्यूम नष्ट करते. व्हॉल्यूमांची यादी काढून प्रत्येकाची तपासणी करावी, फाइली सापडताच त्या नामांकित व्हॉल्यूममध्ये उतरवाव्यात, मालकीहक्क पूर्ववत आहेत याची खातरजमा करावी आणि कंपोज फाइलीत त्या व्हॉल्यूमचा स्पष्ट उल्लेख करावा. यापुढे प्रत्येक आवृत्तीबदलापूर्वी डेटाबेसचा डंप व ‘फाइल्स’ फोल्डर या दोहोंची प्रत एकाच वेळी अन्यत्र जतन करावी, ही आग्रहाची विनंती.