आधी हिशेब, मग खरेदी

ईदीचे पैसे तुम्ही कसे खर्च करता? माझ्या वर्गातील एका मुलाने दोन वर्षांची ईदी साठवून एक नवा व्हिडिओ गेम घेतला. आठवडाभरातच तो हिरमुसला. पुढचे टप्पे बंद होते. ते उघडायचे तर आणखी पैसे भरा, असे पडद्यावर आले. "सर, मी तर पूर्ण किंमत दिली होती ना?" त्याने विचारले.

ही तक्रार जगभरातील मुलांची आहे. गेम घेतल्यानंतर वेगळे पैसे देऊन उतरवून घ्यायच्या भागाला 'डीएलसी' म्हणतात. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याचे नुसते चिलखत सुमारे अडीच डॉलरला विकले गेले, तेव्हा खेळणारे चिडले. २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स : बॅटलफ्रंट २' या गेमविरुद्ध एवढी ओरड झाली, की कंपनीला गेममधील पैशांची खरेदी काही काळ थांबवावी लागली.

नवा भाग तयार करायला मेहनत लागते. तिचा मोबदला मागणे चुकीचे नाही. पण किती पैसे लागतील हे आधी न सांगणे चुकीचे आहे.

आता अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाकडे पाहा. गावाच्या नावातच बाजार आहे! पूर्वी हे गाव दुष्काळाने गांजलेले होते. १९९० च्या दशकात सरपंच पोपटराव पवार आणि गावकरी यांनी चर खणले, झाडे लावली, पाणी अडवले. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. तेथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात आणि ग्रामसभेत सर्वांसमोर पाण्याचा ताळेबंद मांडतात. पिण्याचे पाणी आधी बाजूला ठेवतात. उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते मग ठरते. पाणी किती आहे हे शेतकऱ्याला पेरणीआधीच कळते, म्हणून पीक अर्ध्यावर करपण्याची भीती कमी होते.

खरेदीचेही असेच आहे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. २०१९ चा नवा कायदा २०२० पासून लागू आहे. वस्तूची किंमत व दर्जा जाणून घेणे हा त्यानुसार ग्राहकाचा हक्क आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी फसव्या युक्त्यांना मनाई केली. 'फुकट बुद्धिबळ खेळा' अशी जाहिरात करायची आणि सात दिवसांनी पैसे मागायचे, हे त्यातलेच एक उदाहरण आहे. पैसे घेतलेली सेवा आणखी काही विकत घेतल्याशिवाय न देणे, हीदेखील फसवी युक्तीच आहे.

म्हणून खरेदीपूर्वी माहिती नीट वाचा. आईवडिलांना विचारा. पावती जपून ठेवा. फसवणूक झाली, तर वडीलधाऱ्यांच्या मदतीने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

त्या मुलाने आता वहीत दोन रकाने आखले आहेत : 'किमतीत काय मिळेल' आणि 'कशाला वेगळे पैसे लागतील'. दुसरा रकाना भरल्याशिवाय तो ईदीला हात लावत नाही.

शब्दार्थ
हिरमुसणे – नाराज होणे
मोबदला – कामाचे पैसे
ताळेबंद – जमाखर्चाचा हिशेब
रकाना – उभा कप्पा

स्वाध्याय
१. हिवरे बाजारमध्ये पेरणीआधी कशाचा हिशेब करतात? का?
२. हिशेब, बाजार, किंमत, हक्क हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी शब्द शोधा.