उठलेला प्रभु आणि भाजलेला मासा

शास्त्रपाठ : लूक २४:३६–४३, योहान २०:१९–२९, योहान २१:१–१४

पुनरुत्थानाचा सण झाला म्हणजे आमच्या खेड्यांतील मंदिरांच्या दारांना बांधलेलीं आंब्याचीं पानें सुकून जातात, आणि त्यांबरोबर त्या सणाचा विषयही सुकतो. पुढच्या रविवारीं उपदेशक दुसऱ्याच एखाद्या वचनाकडे वळतो. परंतु प्रेषितांच्या कृत्यांच्या आरंभीं लूक असें सांगतो कीं, उठलेला प्रभु चाळीस दिवसपर्यंत आपल्या शिष्यांस दर्शन देत राहिला. ज्या गोष्टीला प्रभूनें चाळीस दिवस दिले तिला आम्हीं एकच सकाळ द्यावी, हें बरें नव्हे. रोमन कॅथलिक मंडळीशीं आमचे मतभेद आहेत, व ते आम्ही लपवीत नाहीं. तथापि त्यांची एक चाल आम्हांस मनापासून आवडते. सणानंतरच्या पहिल्याच रविवारीं त्यांच्या उपासनेंत दरसाल थोमाची गोष्ट वाचितात, आणि त्याच्या पुढच्या रविवारींही दर्शनांचाच पाठ येतो. शेजाऱ्याच्या शेतांतलें पीक चांगलें असेल तर तसें म्हणण्यांत आपलें कांहीं जात नाहीं.

आतां ती संध्याकाळ डोळ्यांपुढें आणा. यरुशलेमेंत एका घरांत शिष्यमंडळी बसली आहे. यहूदी अधिकाऱ्यांच्या भयानें दारें लावून घेतलीं आहेत. सकाळीं स्त्रियांनीं थडग्याकडून येऊन वर्तमान सांगितलें, तेव्हां ह्या पुरुषांनीं ती बायकांची बडबड म्हणून सोडून दिली होती. (आमच्या पंचांनीं हा मजकूर दोनदां वाचावा.) मग अम्माऊसाकडे गेलेले दोघे सुमारें सात मैलांची वाट त्याच रात्रीं पुन्हां तुडवून परत आले. सगळे एकदम बोलूं लागले, आणि इतक्यांत ज्याविषयीं बोलणें चाललें होतें तोच मध्यें उभा राहिला व त्यानें शांतीचें अभिवादन केलें.

मग शिष्यांस आनंद झाला काय? नाहीं. ते घाबरले. आपण भूतच पाहत आहों असें त्यांस वाटलें. हे कांहीं लहान मुलें नव्हते. रात्रभर समुद्रांत जाळीं टाकणारे धट्टेकट्टे कोळी त्यांत होते. पूर्वीही एकदां गालीलाच्या समुद्रावर प्रभु रात्रीं पाण्यावरून चालत आला असतां ह्याच मंडळींनीं भूत म्हणून आरोळी ठोकली होती. शुभवर्तमान लिहिणारांनीं आपल्याच वडीलधाऱ्यांचा हा भित्रेपणा झांकून ठेविला नाहीं. गोष्ट बनवून सांगणारा मनुष्य असें लिहीत नसतो.

ह्या ठिकाणीं आमच्या खेड्यांतील वाचकांस जें सहज कळेल तें शहरांतील पंडितांस कदाचित् कळणार नाहीं. आपल्याकडे भूत ओळखावयाचें कशावरून? पायांवरून. भुताचीं पावलें उलटीं असतात, असें प्रत्येक गांवीं म्हातारीं माणसें सांगतात, आणि अंधारांत अनोळखी मनुष्य भेटला तर भित्रा वाटसरू आधीं खालीं पाहतो. यहूदी लोकांत ही समजूत होती असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु भ्यालेल्या मनुष्याला काय पाहिजे असतें हें प्रभूला ठाऊक होतें. तो रागावला नाहीं. त्यानें मोठें प्रवचनही आरंभिलें नाहीं. त्यानें आपले हात पुढें केले, पाय दाखविले, आणि चांचपून पाहण्यास सांगितलें. कारण भुताला हाड व मांस नसतें.

त्या हातापायांवर काय होतें? खिळ्यांच्या खुणा. वधस्तंभाची शिक्षा ही केवळ बोलण्याची गोष्ट नव्हती. १९६८ सालीं यरुशलेम शहराच्या उत्तरेस पहिल्या शतकांतील एक थडगें उघडलें, त्यांत अस्थींच्या दगडी पेटींत एका मनुष्याच्या टांचेचें हाड सांपडलें; लोखंडी खिळा त्यांत तसाच रुतलेला होता. तो मनुष्य कोण, त्याचा अपराध काय, ह्याच्याशीं येथें आपल्याला कर्तव्य नाहीं. रोमी शिपाई मनुष्याच्या पायाचें काय करीत असत, हें त्या एका हाडानें दाखविलें. प्रभूनें शिष्यांपुढें केलेले पाय अशा खिळ्यांतून गेलेले होते. मरण जिंकून आला तरी त्यानें त्या खुणा पुसून टाकिल्या नाहींत. त्यांवरूनच तो तोच आहे हें त्यांस पटावयाचें होतें. आगस्तीन ह्या जुन्या गुरूनें तर असें लिहिलें आहे कीं, ख्रिस्तासाठीं ज्यांनीं घाव सोसले त्यांच्या अंगावर त्या खुणा पुनरुत्थानांतही दिसतील, आणि तें व्यंग न दिसतां शोभा दिसेल. ज्या बंधूंनीं बाप्तिस्म्याच्या पायीं भाऊबंदांचा मार खाल्ला आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

इतकें करूनही शिष्यांचा विश्वास बसेना. लूक येथें मोठें मार्मिक कारण देतो: आनंदामुळें त्यांना खरें वाटेना. लढाईवर गेलेल्या मुलाच्या मरणाची तार घरीं यावी, रडणें होऊन जावें, आणि सहा महिन्यांनीं तोच मुलगा खांद्यावर वळकटी घेऊन दारांत उभा राहावा, तर आई त्याच्याकडे धांवेल काय? आधीं ती भिंतीला टेकेल. असा अविश्वास हा पाप म्हणून गणूं नये. प्रभूनेंही तो गणिला नाहीं. त्यानें विचारलें कीं, येथें खावयास कांहीं आहे काय? शिष्यांनीं भाजलेल्या माशाचा तुकडा दिला. जुन्या कांहीं प्रतींत मधाच्या पोळ्याचाही उल्लेख आढळतो. तो त्यानें घेतला आणि त्यांच्यादेखत खाल्ला.

सगळ्या शुभवर्तमानांत ह्याहून साधी गोष्ट क्वचितच सांपडेल, आणि ह्याच साध्या गोष्टीला आरंभींची मंडळी घट्ट धरून राहिली. पुढें कर्नेल्याच्या घरीं परराष्ट्रीयांपुढें बोलतांना पेत्रानें मुद्दाम सांगितलें कीं, तो उठल्यानंतर आम्ही त्याच्याबरोबर खाल्लें प्यालों. दुसऱ्या शतकाच्या आरंभीं अंत्युखियाचा बिशप इग्नाति ह्याला धरून रोमास नेत होते. वाटेंत त्यानें स्मुर्णा येथील मंडळीस पत्र लिहिलें, त्यांतही हीच गोष्ट आहे. त्या काळीं कित्येक शिक्षक असें म्हणूं लागले होते कीं, ख्रिस्ताचें शरीर हा केवळ भास होता व दुःख सोसणेंही भासच. जो भासासाठीं मरत नव्हता त्या इग्नातीला हें कसें सहन व्हावें?

थोमाविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्याच्यावर प्रवचनें पुष्कळ होतात. चेन्नईंतील मैलापूर येथें त्याचें रक्त सांडलें अशी परंपरा आहे, आणि मलबारांतील जुने ख्रिस्ती लोक त्याला आपल्या मंडळीचा संस्थापक मानितात; म्हणून हिंदी ख्रिस्ती मनुष्याला तो घरचा वाटतो. इटलीचा चित्रकार काराव्हाज्जो ह्यानें सुमारें १६०१–०२ सालीं काढिलेल्या चित्रांत थोमा कुशीच्या जखमेंत बोट घालीत आहे. शास्त्रांत मात्र त्यानें बोट घातलें असें म्हटलेलें नाहीं. प्रभूनें बोलाविलें, आणि थोमाच्या तोंडून एकदम कबुली निघाली. रोमाचा बिशप थोरला ग्रेगरी, जो ५९० पासून ६०४ पर्यंत त्या पदावर होता, त्यानें म्हटलें आहे कीं, विश्वास ठेवणाऱ्या शिष्यांच्या विश्वासापेक्षां थोमाच्या अविश्वासाचा आम्हांस अधिक उपयोग झाला. उपदेशकांनो, तुमच्या वर्गांत एखादा तरुण खोचक प्रश्न विचारूं लागला तर त्याला गप्प बसवूं नका.

हें आम्ही वाचून सांगत नाहीं. आम्ही ह्या बाबतींत चुकलों आहों, ती गोष्ट सांगतों.

अध्यात्मविद्येचा अभ्यास संपवून आम्ही नुकतेच पहिल्या मंडळीवर आलों होतों. त्या गांवीं एक म्हातारी विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा, बाप्तिस्मा घेतलेला, विहिरींतला गाळ काढीत असतां दरड कोसळून मेला. त्याला ख्रिस्ती विधीप्रमाणें मूठमाती दिली. दहाव्या दिवशीं पिंड नाहीं, कावळ्याचें शिवणें नाहीं. म्हणून भाऊबंद म्हातारीला म्हणूं लागले कीं, तुझा मुलगा उपाशी विहिरीवर उभा राहतो. कांहीं दिवसांनीं उपदेशकानें आम्हांस खबर दिली कीं, ती दर अवसेला रात्रीं विहिरीच्या कांठावर भाकर ठेविते. पंच जमले. तिला सहा महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवावें असा त्यांचा विचार पडला. आम्ही तिच्या घरीं गेलों आणि मूर्तिपूजा, भूतपूजा ह्यांवर जें पाठ होतें तें सगळें तिला ऐकविलें. तिनें तें खालीं मान घालून ऐकलें, आणि मग विचारलें :

“पाळकसाहेब, मेल्यावर परभूनं मासा खाल्ला, ह्ये तुमीच वाचलं न्हवं? मंग माझ्या पोराला भूक लागत न्हाई, ह्ये तुमी कशावरनं म्हंता?”

आम्हांजवळ उत्तर नव्हतें. आम्ही प्रार्थना केली आणि घरीं आलों.

त्या रात्रीं आम्हीं दोन्ही पाठ शेजारीं शेजारीं ठेवून वाचिले. यरुशलेमेंत प्रभूनें खावयास मागितलें, तें भुकेनें नव्हे. ज्यांनीं दिलें त्यांचें भय घालवावें म्हणून तो त्यांच्यापुढें बसून जेवला. उतारा टाकणारा मनुष्य अन्न ठेवितो आणि मागें न पाहतां पळतो. येथें तर शिष्य समोर बसून पाहत आहेत, आणि जेवणारा त्यांच्याशीं बोलत आहे. पुढें तिबिर्याच्या समुद्रावर काय झालें? सात शिष्य रात्रभर खपले, कांहीं मिळालें नाहीं. पहाटेस कांठावरून एकानें विचारलें कीं, खावयास कांहीं आहे काय? त्यांनीं नाहीं म्हटलें. मग त्याच्या सांगण्यावरून जाळें टाकिलें, तें भरलें, आणि त्यांत एकशें त्रेपन्न मासे निघाले. परंतु ते कांठावर उतरतात तों काय पाहतात? कोळशांचा विस्तव आधींच पेटलेला, त्यावर मासा ठेविलेला, आणि भाकर तयार. त्यांचे एकशें त्रेपन्न अजून जाळ्यांतच होते. त्यानें त्यांतूनही आणावयास सांगितलें खरें, पण जेवण अगोदरच होतें. आणि भाकर व मासा घेऊन त्यानेंच त्यांना वाढिलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पुन्हां म्हातारीकडे गेलों. ह्या खेपेस उपदेश केला नाहीं. चुलीजवळ बसून योहानाचा एकविसावा अध्याय सावकाश वाचिला. मग म्हटलें, “आई, तुझा मुलगा अजून कबरेंतून उठलेला नाहीं, तो दिवस पुढें यावयाचा आहे. तोंपर्यंत तो ह्याच्याजवळ आहे. काल तूं मला भुकेचें विचारलेंस. ह्याच्याजवळ राहणारा मनुष्य उपाशी राहील, असें तुला वाटतें काय?” तिनें कांहीं वेळ चुलीकडे पाहिलें आणि विचारलें, “त्यो विस्तव कुनी पेटवला व्हता?”

आम्हीं म्हटलें, “त्यानेंच. दुसरें कोणी तेथें नव्हतें.”

पंचांस आम्हीं सांगितलें कीं, तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यास आमची संमति नाहीं. दोघे वडील रागावले, व एकानें त्या महिन्याची वर्गणी दिली नाहीं. पुढल्या रविवारीं ती म्हातारी शेवटच्या रांगेंत येऊन बसली, आणि भाकरीची थाळी तिच्यापुढें आली तेव्हां तिनें दोन्ही हात पसरले. त्यानंतर ती अवसेला विहिरीवर जात असे कीं नाहीं, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं, आणि उपदेशकालाही विचारूं दिलें नाहीं.